चिठ्ठी नसलेलं गिऱ्हाईक

एडिंबरा आणि ग्लासगो ही स्कॉटलंडमधली दोन मोठी शहरं. मधलं अंतर जेमतेम ७५ किलोमीटर. मुंबईहून निघालेला माणूस तेवढ्यात खोपोलीला पोहोचतो. १९८० च्या आगेमागे दोन्ही शहरांत स्वस्त, तपकिरी हेरॉइन येऊन धडकलं. दोन्हीकडे कारखाने बंद पडत होते, हाताला काम नव्हतं, आणि सरकारी वसाहतींतली विशी-पंचविशीतली पोरं ते टोचून घेऊ लागली होती. मग १९८६ च्या फेब्रुवारीत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा लेख आला. एडिंबराच्या उत्तर टोकाच्या म्यूरहाउस वस्तीत रुग्ण तपासणारे डॉ. रॉय रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी यांनी आपल्याकडे येणाऱ्या १६४ हेरॉइन घेणाऱ्यांचं रक्त तपासलं होतं. त्यातल्या ८३ जणांना एचआयव्हीची लागण झालेली निघाली. शंभरात ५१. ग्लासगोतल्या अशाच मंडळींमध्ये त्या सुमारास हे प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास होतं.

तोच देश, तोच माल, त्याच वयाची पोरं, आणि दहा पटींचा फरक! हा फरक आला कुठून, याचा शोध घेत गेलं की आपण शेवटी प्रयोगशाळेत किंवा मंत्रालयात पोहोचत नाही. पोहोचतो औषधाच्या दुकानाच्या काउंटरपाशी. समोर एक खंगलेला पोरगा उभा आहे, हातात डॉक्टरची चिठ्ठी नाही, आणि तो सिरिंज मागतोय. आतला माणूस काय म्हणतो?

कारणं अनेक होती आणि तज्ज्ञ त्यांचं वजन वेगवेगळं धरतात. पण एक कारण सगळ्यांच्या यादीत सापडतं. एडिंबरात ब्रेड स्ट्रीटवर शस्त्रक्रियेच्या सामानाचं एक दुकान होतं. नशा करणारे तिथून सुया घेत. पोलिसांच्या दबावाखाली ती विक्री थांबली. झडतीत सिरिंज सापडली की ती जप्त व्हायची, पुरावा म्हणून पुढे यायची, त्यामुळे खिशात स्वतःची सुई बाळगणं धोक्याचं झालं. त्यातच १९८२ मध्ये ब्रिटनच्या औषध विक्रेत्यांच्या मातृसंस्थेने, म्हणजे फार्मास्युटिकल सोसायटीने, सल्ला दिला होता की सुया आणि सिरिंजा खऱ्या रुग्णांनाच विकाव्यात. ग्लासगोत काही दुकानांतून त्या तरीही मिळत राहिल्या. एडिंबरात दारं जवळपास बंद झाली. मग एका खोलीत दहा-दहा, वीस-वीस जण जमायचे आणि एकच सिरिंज हातोहात फिरायची.

रॉबर्टसन यांच्याकडे आणखी एक ठेवा होता. काविळीच्या, म्हणजे हेपटायटिस बीच्या तपासणीसाठी या रुग्णांचं रक्त आधीच्या वर्षांत घेतलेलं होतं आणि ते नमुने जपून ठेवलेले होते. एचआयव्हीची चाचणी निघाल्यावर तेच जुने नमुने पुन्हा तपासले गेले. विषाणू या वस्तीत कधी शिरला, हे मागे वळून महिन्यांच्या हिशेबात पाहता आलं. १९८३ च्या अखेरीपासून १९८४ पर्यंत तो वणव्यासारखा पसरला होता. शहरात एड्सचे रुग्ण दिसू लागायच्या आधीच तपासलेल्यांपैकी निम्मे बाधित झाले होते. आपल्याला काय झालंय, हे त्या पोरांना ठाऊक नव्हतं, आणि ज्या दुकानदारांनी ‘नाही’ म्हटलं होतं त्यांनाही नव्हतं.

हे एडिंबरात घडावं, याचं मला पुन्हा पुन्हा नवल वाटतं. कारण कातडीखाली औषध टोचायची सिरिंज जिथे आकाराला आली, ते हेच शहर. १८५३ मध्ये इथल्या डॉ. अलेक्झांडर वुड यांनी मज्जातंतूंच्या असह्य वेदनांवर मॉर्फिन टोचून पाहिलं आणि दोन वर्षांनी ते छापून प्रसिद्ध केलं. त्यांच्या आधी, १८४४ मध्ये, डब्लिनचे फ्रान्सिस रिंड यांनी पोकळ सुईतून औषध कातडीखाली सोडलं होतं, पण नुसत्या ओघळीने. वुड यांची समजूत अशी होती की दुखतं तिथेच टोचलं की औषध तिथल्या तिथे काम करतं. ते सगळ्या शरीरभर जातं, कुठेही टोचलं तरी चालतं, हे पुढे लंडनच्या चार्ल्स हंटर यांनी दाखवलं. वुड यांची पत्नीच या सुईची पहिली बळी ठरली, अशी एक कथा पुस्तकांतून फिरत असते. ती खोटी आहे. बाई नवऱ्याच्या मागेही जगल्या.

आता ती वस्तू हातात घेऊन नीट पाहू. आपल्याकडे मधुमेही माणसाच्या घरात असते ती इन्सुलिनची सिरिंज घ्या. एक मिलिलिटरची, करंगळीहून बारीक नळी, ४० युनिटची असेल तर लाल टोपण. किंमत काही रुपये. सुई नळीतच पक्की बसवलेली, वेगळी निघत नाही. आता दवाखान्यातली साधी सिरिंज आठवा, जिची सुई फिरवून काढता येते. दट्ट्या तळापर्यंत दाबला तरी सुईच्या बुडाशी, जोडाच्या पोकळीत थोडं द्रव उरतंच. संशोधकांनी हे उरलेलं द्रव मोजलं. सुई वेगळी होणाऱ्या सिरिंजमध्ये सुमारे ८४ मायक्रोलिटर, आणि इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये सुमारे २. मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. शीर सापडली का हे पाहायला नशा घेणारा दट्ट्या किंचित मागे ओढतो, रक्त नळीत येतं, मग तो सगळं आत ढकलतो. जे मागे उरतं ते रक्त असतं. पुढच्या माणसाच्या वाट्याला किती विषाणू जाणार, हे त्या पोकळीवर ठरतं. सिरिंज पाण्याने खळबळून घेतली की हा फरक आणखी कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजे दुकानदाराने मागच्या फळीवरून कोणता डबा काढला, यानेसुद्धा फरक पडतो.

आणि तो विषाणू त्या थेंबात जगतो किती? उघड्यावर सांडलेल्या, वाळलेल्या रक्तात एचआयव्ही फार टिकत नाही, म्हणून बरीच वर्षं अनेकांना वाटे की सिरिंजमध्येही त्याचं फार काळ निभत नसेल. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकाअखेरीस बाधित रक्ताचा अंश असलेल्या सिरिंजा मुद्दाम तयार करून ठेवल्या आणि ठरावीक दिवसांनी उघडून पाहिल्या. नळीच्या आत, हवेपासून झाकलेल्या त्या सूक्ष्म थेंबात जिवंत विषाणू खोलीच्या तापमानाला काही आठवडे सापडत राहिला. चार अंश सेल्सिअसच्या गारव्यात तर सहा आठवड्यांनीही सापडला. हेपटायटिस सीचा विषाणू याहून चिवट. सुई वेगळी निघणाऱ्या सिरिंजमध्ये तो ६३ दिवसांपर्यंत तग धरून राहिल्याचं २०१० मध्ये दिसलं. दोन महिने! वळचणीला लपवून ठेवलेली सुई दोन महिन्यांनी कुणीतरी काढतो, तेव्हा आतलं संकट तसंच ताजं असतं.

याच येलमध्ये एडवर्ड कॅप्लन नावाचे एक गणिती होते. त्यांनी सुईकडे जसं पाहिलं, तसं त्याआधी फारसं कुणी पाहिलं नव्हतं. माणसांची वागणूक मोजायच्या भानगडीत न पडता त्यांनी सुई हीच डासासारखी मानली. डास हिवताप एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. त्या रोगाचा परजीवी डासाच्या पोटात वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये आपल्या सिकंदराबादेत शोधून काढलं आणि पुढे त्याचं गणितही मांडलं. डास जितका जास्त जगेल तितका घातक. मग सुईचंही तसंच असायला हवं. येलच्या न्यू हेवन शहरात १९९० च्या नोव्हेंबरात जुनी सुई घेऊन नवी देणारी गाडी सुरू झाली, तेव्हा प्रत्येक सिरिंजवर खूण घातली गेली. कोणती सुई कधी दिली, कधी परत आली, आणि आली तेव्हा तिच्यात विषाणू होता का, हे सगळं नोंदलं गेलं. सुरुवातीला रस्त्यावरून आलेल्या सिरिंजांपैकी सुमारे दोन तृतीयांश बाधित निघाल्या. काही महिन्यांत हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास उतरलं. नव्या लागणी सुमारे एक तृतीयांशाने घटल्या असाव्यात, असा कॅप्लन यांचा हिशेब निघाला.

या हिशेबातली विलक्षण गोष्ट अशी, की तो खरा ठरायला कुणी एकदम शहाणं व्हावं लागत नाही. माणसं होती तशीच राहिली, तरी सुई रस्त्यावर कमी दिवस फिरली की तिला माणसं कमी भेटतात. इतकंच पुरतं. नवी सुई सहज मिळते तिथे जुनी सुई लवकर म्हातारी होते आणि कचऱ्यात जाते. दुकानात ‘नाही’ ऐकलेला माणूस मात्र जुन्या सुईचं आयुष्य वाढवत राहतो.

कारण त्या ‘नाही’ने नशा थांबत नाही. हेरॉइनची सवय लागलेल्या शरीराला काही तास माल मिळाला नाही की हाडं दुखतात, उलट्या-जुलाब होतात, अंगाला घाम आणि काटा एकदमच येतो. मुंबईतले गर्दुल्ले याला ‘टर्की’ म्हणतात. या अवस्थेतला माणूस काउंटरवरून रिकाम्या हाताने परतला, तर तो घरी जाऊन विचार करत बसत नाही. शेजारच्याची सुई मागून घेतो. माल खिशात आहेच, उणीव फक्त सुईची आहे, आणि दुकानदाराच्या हातात तेवढी एकच गोष्ट असते.

अशी उणीव कुणी ओळखली आणि तिच्यातून काय उभं राहिलं, याचं एक उदाहरण ॲम्स्टरडॅमचं. तिथे १९८४ मध्ये शहराच्या मध्यभागातल्या एका औषध विक्रेत्याने नशा करणाऱ्यांना सिरिंजा विकणं बंद केलं. एडिंबरासारखाच नकार. पण ॲम्स्टरडॅममध्ये नशा करणाऱ्यांची स्वतःची एक संघटना होती. काविळीची साथ पसरेल या भीतीने तिने शहराच्या आरोग्य खात्याकडे धाव घेतली, आणि सुया बदलून देण्याची योजना सुरू झाली. खातं सुया पुरवी, संघटना त्या वाटी. तेव्हा एचआयव्ही कुणाच्या डोक्यातही नव्हता. जगभर आज ज्याला सुई-बदल कार्यक्रम म्हणतात, त्याच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी हा एक. एका दुकानदाराच्या नकारातून तो जन्मला, आणि तो जन्माला घातला त्यांनीच, ज्यांना समाज बेजबाबदार म्हणत होता.

आता त्या दुकानदाराच्या जागी उभं राहून पाहू. मला तो खलनायक वाटत नाही. ब्रिटनमध्ये, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात औषध विक्रेत्यांना विचारणारी सर्वेक्षणं गेली चाळीस वर्षं होत आली आहेत, आणि त्यांत तीच भीती पुन्हा पुन्हा उमटते. मी सिरिंज दिली तर त्या पोराच्या नाशात माझा हात लागेल. दुकानात चोऱ्या होतील. लहान मुलाचं औषध घ्यायला आलेली बाई ही माणसं पाहून दुसऱ्या दुकानात जाईल. वापरलेली सुई माझ्याच पायरीवर पडलेली सापडेल आणि झाडणाऱ्या पोराच्या हातात घुसेल. यातली एकही भीती काल्पनिक नाही. शिवाय या माणसाचं सगळं शिक्षण ‘अपाय होऊ देऊ नकोस’ या एका वाक्याभोवती झालेलं असतं. औषधाची मात्रा चुकू नये, दोन औषधं एकमेकांना मारक ठरू नयेत, म्हणून तो दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसतो. त्याला सिरिंज विकणं हाच अपाय वाटला तर नवल नाही.

म्हणून तो थेट नकार क्वचितच देतो. ‘संपल्यात’ म्हणतो. ‘सुट्या मिळत नाहीत, शंभरचा डबा घ्यावा लागेल’ म्हणतो. ‘इन्सुलिनची चिठ्ठी आहे का?’ विचारतो. कधी परीक्षा घेतो: कितीची सुई हवी, इन्सुलिन कोणतं चालू आहे? उत्तराला अडखळला की नाही म्हणायला निमित्त मिळतं. सर्वेक्षणांतून आणि मुलाखतींतून एक गोष्ट स्पष्ट दिसते: कायदा काय सांगतो यापेक्षा समोरच्याचे कपडे, हाताची कांती, बोलण्याची पद्धत यांवरून हा निर्णय अर्ध्या मिनिटात होतो. जिथे चिठ्ठीविना विक्री पूर्ण कायदेशीर आहे तिथेही तो तसाच होतो. एखाद्या शहराची साथ कुठे वळणार हे अशा शेकडो अर्ध्या-अर्ध्या मिनिटांच्या बेरजेवर ठरावं, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत थक्क करणारं सत्य वाटतं.

स्कॉटलंडमध्ये तर कायद्याचाही धाक होता, आणि तो आला अगदी अनपेक्षित दिशेने. १९८३ मध्ये ग्लासगोतल्या दुकानदारांवर एक खटला चालला. त्यांनी लहान मुलांना हुंगण्यासाठी गोंद आणि त्याबरोबर लागणाऱ्या पिशव्या-डबे विकले होते. गोंद विकणं हा गुन्हा नाही, पिशवी विकणं हाही नाही. पण घेणारा त्याने स्वतःला इजा करून घेणार हे ठाऊक असूनही विकलं, म्हणून स्कॉटलंडच्या जुन्या रूढ कायद्यानुसार हा गुन्हा ठरू शकतो, असं न्यायालयाने म्हटलं. मुलांच्या भल्यासाठी दिलेल्या या निकालाची सावली थेट सिरिंजवर पडली. हेरॉइनवाल्याला सुई विकणाराही याच व्याख्येत बसत नव्हता का? पुढे सुई-बदल केंद्रं सुरू करायची ठरली, तेव्हा खटले चालवणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्याला, लॉर्ड ॲडव्होकेटला, केंद्रांतल्या लोकांना असा धोका नाही हे सांगावं लागलं. तेही अटी घालून: एका वेळी मोजक्याच सुया द्यायच्या. ती मर्यादा सैल व्हायला बरीच वर्षं गेली.

ब्रिटनच्या संसदेनेही त्याच काळात एक अजब रेघ ओढली. १९८६ मध्ये नशेचं साहित्य पुरवणं गुन्हा ठरलं, पण सिरिंजला सूट मिळाली. म्हणजे सुई द्यायला हरकत नाही, पण तपकिरी हेरॉइन विरघळवायला जे आम्ल लागतं ते द्यायचं नाही. तपकिरी हेरॉइन नुसत्या पाण्यात विरघळत नाही. म्हणून लोक लिंबाचा रस पिळत, आणि त्या रसातली बुरशी रक्तावाटे डोळ्यांत जाऊन काहींची दृष्टी जाई. सायट्रिक आम्लाची स्वच्छ पुडी देण्याची मुभा २००३ मध्ये मिळाली. सतरा वर्षं मधे गेली.

तरीही ब्रिटन वळलं, आणि भराभर वळलं. एडिंबराच्या रक्तपेढीचे प्रमुख डॉ. ब्रायन मॅक्लेलंड यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९८६ मध्येच सांगितलं की नशेपेक्षा या विषाणूचा फैलाव हा मोठा धोका आहे आणि सुया मिळाल्या पाहिजेत. त्याच वर्षी फार्मास्युटिकल सोसायटीने आपला चार वर्षांपूर्वीचा सल्ला मागे घेतला. १९८८ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या औषध दुकानांची पाहणी झाली, तेव्हा शंभरातली तीन दुकानं सुई-बदल करत होती. १९९५ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा जवळपास १९. सात वर्षांत सहा पट.

विक्रेत्यांची मनं आधी बदलली आणि मग ते सुया देऊ लागले, असा क्रम आपल्याला सहज सुचतो. पाहण्यांत मात्र दिसतं ते असं, की ज्यांनी प्रत्यक्ष हे काम केलं त्यांची मतं न करणाऱ्यांपेक्षा बरीच मवाळ असतात. याची कारणं मला तरी या कामातच दिसतात. सुया टाकायला कुलूपबंद डबा मिळतो, मोबदला मिळतो, प्रशिक्षण मिळतं, आणि ‘चोरटे’ म्हणून ज्यांची धास्ती होती ती माणसं ओळखीची होतात. स्कॉटलंडमध्ये हेरॉइनऐवजी मेथडोन देण्याचे उपचार वाढले, तेव्हा अनेक रुग्ण रोज दुकानात येऊन विक्रेत्यासमोर उभं राहून ते औषध पिऊ लागले. डॉक्टर या रुग्णाला महिन्यातून एखाद्या वेळी भेटतो; औषध विक्रेता रोज. चेहरा उतरलाय, वजन घटलंय, चार दिवस आलाच नाही, हे आधी त्याच्या लक्षात येतं.

या उपचारांचा हिशेब म्यूरहाउसच्याच दवाखान्याने ठेवला. तिथल्या ७९४ रुग्णांचा कित्येक वर्षं पाठपुरावा करून २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातले २२८ जण मरण पावले होते. ही संख्या वाचून मी थबकले. एका वस्तीच्या एका दवाखान्यातली ही माणसं. पण पर्यायी औषधाच्या उपचारांतलं प्रत्येक वाढीव वर्ष मृत्यूचा धोका सुमारे १३ टक्क्यांनी कमी करत गेलं होतं.

अमेरिकेत न्यू हेवन ज्या राज्यात आहे, त्या कनेक्टिकटने १९९२ च्या जुलैपासून चिठ्ठीविना दहा सिरिंजा विकत घेण्याची मुभा दिली. त्याआधी नशा टोचून घेणाऱ्यांपैकी १९ टक्के औषध दुकानातून सिरिंजा घेत. कायद्यानंतर ७८ टक्के घेऊ लागले. एकमेकांच्या सुया वापरणारे ५२ टक्क्यांवरून ३१ वर आले. त्याच राज्यातल्या हार्टफर्डच्या पोलिसांना झडती घेताना सुया टोचण्याच्या घटनाही घटल्या: आधी १,३२६ अटकांमध्ये सहा, नंतर १,००७ मध्ये दोन. आकडे लहान आहेत, पण खिशातली सुई लपवावी लागत नाही तेव्हा माणूस ‘साहेब, खिशात सुई आहे’ असं सांगतो, हे समजायला सोपं आहे.

ग्लासगो ऐंशीच्या दशकात बचावलं होतं, पण तो बचाव कायमचा नव्हता. २०१५ मध्ये तिथे नशा टोचून घेणाऱ्यांमध्ये, मुख्यतः बेघरांमध्ये, एका वर्षात ४७ नव्या लागणी आढळल्या. साथीच्या या काळात स्कॉटलंडमधलं सर्वांत गजबजलेलं सुई-बदल केंद्र ग्लासगो सेंट्रल रेल्वे स्थानकातल्या ‘बूट्स’ नावाच्या औषध दुकानात चाले. स्थानकाच्या आवारात वापरलेल्या सुया सापडतात, या कारणाने स्थानकाची मालक असलेल्या नेटवर्क रेलने २०१७ मध्ये ते बंद करायला लावलं. आरोग्य खात्याचा विरोध होता, साथ चालू होती, दुकान द्यायला तयार होतं. या वेळी नकार काउंटरच्या आतून आला नव्हता, जागेच्या मालकाकडून आला होता. माझ्या मते तो चुकीचा निर्णय होता.

आपल्या देशाने यातलं काही परक्यांचं म्हणून वाचायचं कारण नाही. म्यानमारच्या सीमेला लागून असलेल्या मणिपुरात १९८९ च्या सप्टेंबरपर्यंत नशा टोचून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही सापडत नव्हता. सहा महिन्यांत तो निम्म्या जणांमध्ये सापडला. एडिंबराहूनही वेगाने. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या नशा टोचून घेणाऱ्यांमध्ये लागणीचं प्रमाण ६.२६ टक्के होतं. सगळ्या प्रौढांमध्ये ते ०.२२ टक्के. मुंबईसह अनेक शहरांत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मदतीने स्वयंसेवी संस्था सुया वाटतात, जुन्या गोळा करतात. आणि स्कॉटलंडला जे वर्षानुवर्षं तडजोडीने चालवावं लागलं, ते आपल्या संसदेने सरळ कायद्यात लिहून टाकलं. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याच्या २२ व्या कलमाखाली उदाहरण म्हणून चक्क एक प्रसंग दिला आहे: नोंदणीकृत सुई-बदल कार्यक्रम चालवणारा माणूस नशा टोचून घेणाऱ्याला जुन्या सुईच्या बदल्यात स्वच्छ सुई देतो, दोघांपैकी कुणावरही त्यासाठी खटला भरता येणार नाही. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

हे संरक्षण नोंदणीकृत कार्यक्रमांना आहे. गल्लीतल्या मेडिकलवाल्याचा प्रश्न आणखी साधा आहे, कारण आपल्याकडे सिरिंज विकायला एरवी डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. तेव्हा हा लेख वाचणारे कुणी औषधाचं दुकान चालवत असतील, तर त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. असा कुणी आला तर ‘संपल्यात’ म्हणू नका. इन्सुलिनची, सुई पक्की बसवलेली सिरिंज द्या, सुटी द्या, आणि मागेल तितकी द्या. जवळचं सुई-बदल केंद्र ठाऊक करून घ्या आणि त्याचा पत्ता सांगा. एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७ आणि नशामुक्तीसाठी १४४४६ हे दोन्ही निःशुल्क क्रमांक कागदावर लिहून पिशवीत टाका. त्या गिऱ्हाइकाशी त्या दिवशी नीट बोलणारं कदाचित तुमच्याखेरीज दुसरं कुणी नसेल.